शून्यसाहेबांचे सहा दात

आमच्या लॅबमध्ये दात बनतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा काढतो, मेणात दात बसवून बघतो आणि शेवटी कवळी तयार करून परत पाठवतो. ठशाबरोबर एक चिठ्ठी येते. तिच्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. कोणाच्या तोंडात काय चाललंय ते जगाला कळायला नको म्हणून ही सोय.

टेबलांवर आम्ही सहा जण आणि आमच्या डोक्यावर एक साहेब. समोर त्यांना आम्ही सर म्हणतो आणि पाठीमागे शून्यसाहेब, कारण कुठल्याही कामाला ते एवढाच मार्क देतात. आपण केलेलं काम उचलायचं, उजेडात धरायचं, आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर यायचं आणि ओरडायचं, "शून्य." अक्कल शून्य, हात शून्य, लक्ष शून्य. तीन वर्षं मी हे ऐकत आले. आता घरी भाजी करपली तरी माझ्या तोंडून आधी तेच येतं.

गेल्या महिन्यात एका पेशंटच्या दातांचा रंग चुकला. रंगाचा नंबर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून आमच्या कामाच्या कागदावर साहेब स्वतः उतरवतात. त्यांनी दोनचा तीन केला, मी तीन लावला, आणि बिचाऱ्या पेशंटला नवे दात मिळाले ते चहात बुडवून काढल्यासारखे. मी दाताच्या कण्या करून सांगितलं की चूक माझी नाही. पण डॉक्टरांची मूळ चिठ्ठी तोवर कुठे गेली होती कोण जाणे. बुधवारी साहेबांनी मला एक टाइप केलेला कागद दिला. 'माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे' अशी त्याची सुरुवात होती. सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून तो वाचायचा. नाही वाचला तर मंगळवारपासून माझी रवानगी प्लास्टरच्या खोलीत, म्हणजे दिवसभर पावडर कालवायची, साचे घासायचे आणि दातांना हात लावायचा नाही. मला दुसरं काही येत नाही, आणि हे एक मात्र खरंच चांगलं येतं. घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं, ते रागाचं होतं.

गुरुवारी सकाळी साहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना ट्रे वाटले. कोणाला कुठलं काम द्यायचं ते तेच ठरवतात. माझ्यासमोर एक ट्रे आदळून ते न बोलता पुढे गेले. त्यांचं न बोलणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

काम वरच्या पुढच्या सहा दातांचं होतं. डॉक्टर शनिवारी जुने दात काढणार आणि तिथल्या तिथे नवे बसवणार, म्हणून ते आधीच तयार हवे होते. त्यामुळे साच्यात जुने दात अजून जागच्या जागी होते. डावा सुळा शेजाऱ्याच्या अंगावर चढलेला. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला. समोरच्या दोन दातांच्या मध्ये तांदूळ अडकेल एवढी फट. मी साचा उजेडात धरला आणि मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडवलं. हे दात माझ्या चांगल्या ओळखीचे होते. वीतभर अंतरावरून, रोज, तीन वर्षं. एवढ्या जवळून मी माझ्या नवऱ्याचेही दात पाहिलेले नाहीत.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर शेरा मारला होता: 'पेशंटला कामानिमित्त मोठ्याने बोलावे लागते.'

घरी मी सासूबाईंना सांगितलं. पेशंटचं असं घरी सांगायचं नसतं, पण माझ्या पोटात ते राहीना. सासूबाईंची कवळीही मीच केलेली आहे. भांडायचं असलं की त्या ती आधी काढून वाटीत ठेवतात, ऐन रंगात ती पडायला नको म्हणून. आता मात्र त्यांनी ती घट्ट बसवून घेतली.

"अगं, मग अडलंय कुठे? टाळूला जरा जाड ठेव. शून्य म्हणायला गेला की कुकरची शिट्टी."

"आई, माझं काम आहे ते."

"कामच कर म्हणतेय मी. जरा जाड कर."

शुक्रवारी दुपारी मी खरंच जाड ठेवलं. फार नाही, नखाएवढं. मग मेणातले ते सहा दात समोर ठेवून बसले. सुळा सरळ, फट नाही, रंग अगदी जुळलेला. फार देखणे झाले होते. ते तसे बिघडवून पाठवायचे म्हणजे साहेब माझ्याबद्दल तीन वर्षं जे ओरडत होते ते आपल्या हातांनी खरं करून द्यायचं. मी पुटपुटत ते नखाएवढं जाड खरवडून टाकलं. कवळीबरोबर आम्ही सूचनांचा एक छापील कागद देतो. त्यात तिसरी सूचना असते: 'सुरुवातीचे पंधरा दिवस हळू बोलावे.' तिच्याखाली मी लाल पेनने दोन रेघा मारल्या. माझा सूड तेवढाच.

सोमवारी साहेब वरचा ओठ सांभाळत आले. आम्ही सहाही जण उभे. माझ्या हातात तो टाइप केलेला कागद. साहेब वीतभर अंतरावर आले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "श्श्यू..."

नवी कवळी कितीही चांगली असली तरी जीभ सरावेपर्यंत शिट्टी वाजतेच, त्यात माझा दोष नाही. साहेबांना वाटलं आवाज चढवला की जमेल. त्यांनी आवाज चढवला आणि सहाही दात खाली घसरले. हात तोंडावर गेला. मागच्या कोणाला काही दिसलं नाही, मला सगळं दिसलं.

"हळू, सर," मी फक्त त्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाले. "तिसरी सूचना. लाल रेघा माझ्याच आहेत."

अंगठ्याने त्यांनी दात वर ढकलले.

"हा कागद वाचू का, सर?"

त्यांनी मान हलवली. नको.

"मग रंगाचा नंबर चुकीचा कोणी लिहिला, तेवढं सगळ्यांना सांगता का? हळू सांगितलंत तरी चालेल."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि अंगठा पुसला. मी मनात प्लास्टरच्या खोलीत जाऊन पोचलेसुद्धा. मग ते म्हणाले, "मी."

अगदी स्वच्छ आलं. शिट्टी नाही, काही नाही. 'मी' म्हणायला दात लागतच नाहीत, नुसते ओठ पुरतात.

त्यानंतर लॅबमध्ये इतकी शांतता झाली की आम्हाला एकमेकांच्या मशीनचे आवाज नव्याने कळले. दात बसल्यानंतर सोळाव्या दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी आले. या वेळी वीतभर नाही, चांगले दोन हात लांब उभे राहिले.

"बसले नीट?" मी विचारलं.

"बसले."

"सर, एक विचारू? सहा टेबलं आहेत. अक्कल शून्य, हात शून्य. मग ट्रे माझ्याच टेबलावर का ठेवलात?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "बाकीचे दात लोकांचे असतात. हे माझे होते."

तीन वर्षांत मला मिळालेला हा पहिला मार्क. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला, एवढ्याशा कौतुकाने कोणी भरून येतं का. मी मान खाली घालून मेण खरवडायला लागले. साहेब जाईनात.

"ते हळू बोलायचं," त्यांनी अगदी हळू विचारलं, "अजून किती दिवस?"

पंधरा दिवस कालच संपले होते.

"अजून थोडे दिवस, सर," मी म्हणाले. "झाले की मी सांगेन."