जातो म्हणू नये

मी कंडक्टर बोलतोय. दचकू नका, तिकीट मागत नाही. मी कुत्रा आहे. एक कान उभा, एक पडलेला, रंग विटक्या गोणपाटाचा. हे नाव मला एका ड्रायव्हरकाकांनी दिलं. का दिलं, तेच सांगायला बसलोय. बसलोय कुठे, तर दारात, बाहेर तोंड करून. आयुष्यभर मी हीच जागा धरली आणि तिथेच सगळं चुकलं.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं तुम्ही माणसं म्हणता. मी तर अख्खाच नळीत सापडलो. अर्धवट बांधलेल्या इमारतीपाशी सिमेंटचे मोठाले पाइप पडले होते, त्यातल्या एकात. अंगभर खरूज, मागचा पाय सुजलेला, आईचा पत्ता नाही. एका बाईने आत हात घातला. मी कडकडून चावलो. ती म्हणाली, "चाव बाबा, चाव. दात आहेत म्हणजे जगशील." आणि तिने मला बाहेर ओढलं.

ही ताई. पडदे शिवायची. तिचं घर म्हणजे आमच्यासारख्या सोडवून आणलेल्यांचं मधलं ठिकाण. तिथे बरं व्हायचं, माणसांत वागायला शिकायचं आणि कायमचं घर मिळालं की निघायचं. फॉस्टर होम म्हणतात त्याला. पण हे मला कुणी सांगितलं होतं? मला वाटलं, घर म्हणतात ते हेच. शिलाई मशीनखाली पडद्यांच्या चिंध्यांचा ढीग असे, त्यावर माझं अंथरूण. वर खडखड मशीन चालायचं, खाली मी घोरायचो. एकदा मी गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पडद्यावरच ताणून दिली. ताई ओरडली, "मेल्या, तुझं लग्न आहे का आज?" आणि मग माझे केस पडद्यावरून एकेक वेचत बसली.

मला पहिला शब्द तिनेच शिकवला. "ये." हातात बिस्किट धरायची आणि म्हणायची, "ये." मी जवळ गेलो की बिस्किट मिळायचं. शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला. ये म्हणजे येणं. यात कुठे काही खोट नव्हती.

एके दिवशी ड्रायव्हरकाका आले, सोबत त्यांची लेक. काकांनी सगळी उमर बस चालवण्यात घालवलेली. बायको वारलेली आणि आता नोकरीही संपलेली. लेक ताईला म्हणाली, "घरात बसून बसून बाबा खुर्चीतच गिअर टाकतात हो. कुणीतरी सोबतीला हवं." काका गुडघे कडकड वाजवत जमिनीवर बसले आणि मला न्याहाळत त्यांनी विचारलं, "इंजिन कसं आहे?"

"इंजिन एक नंबर," ताई म्हणाली. "बॉडीला ओरखडे आहेत थोडे."

"ते मलाही आहेत. चालेल," काका म्हणाले.

मला सोडायला ताई स्वतः त्यांच्या घरी आली. माझ्या चिंध्यांतली एक निळी चिंधी तिने दारापाशी अंथरली. माझा पडलेला कान चोळत राहिली. तिचे डोळे भरले होते. उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, "येते हं."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? ये म्हणजे येणं. मग येते म्हणजे येणारच की! तुमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत, जायचं असलं तरी येतो म्हणतात, हे त्या नळीत मला कोण शिकवणार होतं? ती येणार म्हणून मी त्या चिंधीवर बसलो, बाहेर तोंड करून.

काकांनी काय काय केलं नाही! अंडी उकडली, कोंबडी शिजवली, रबरी चेंडू आणला, स्वतःच तो फेकला आणि स्वतःच तो आणला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मी खायचो, फिरायला जायचो, पण घरी आलो की पुन्हा दार. "अरे, मी ड्रायव्हर आणि तू दरवाजात उभा," काका हसून म्हणाले, "म्हणजे तू कंडक्टर!" तेच नाव पडलं.

मग त्यांनी मला घंटी शिकवायला घेतली. बसमध्ये कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली की गाडी सोडायची, एकदा वाजवली की थांबवायची. काका दूध आणायला निघाले की उंबऱ्यात थांबायचे. "कंडक्टर, जाऊन येतो. डबल द्या!" म्हणजे मी दोनदा भुंकायचं. मी ढिम्म. मग ते स्वतःच "भो, भो" करून निघायचे. शेजारीण गॅलरीतून तोंडाला पदर लावून हसायची.

ते नुसतं 'येतो' म्हणत नसत, 'जाऊन येतो' म्हणत. आणि तसेच जाऊन यायचे. दुधाची पिशवी, वर्तमानपत्र, माझी बिस्किटं घेऊन. रोज येणाऱ्या माणसाची मला काही किंमत वाटली नाही. मी त्यांच्या पायांमधून रस्त्याकडे बघत राहायचो. माझी नुसती पाठच बघून बघून ती त्यांना पाठ झाली होती.

शेवटी लेकीनेच ताईला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दारातून हलतच नाही हो. जाताना त्याला काही म्हणाला होतात का?"

"काय म्हणणार? येते म्हटलं," ताईचा आवाज आला. "जाते कसं म्हणू?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, तो शब्दाला धरून बसलाय! आता एकदा याच बाई तुम्ही, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडेल."

आणि ताई आली! काय सांगू, मी अंगणभर गोल गोल पळालो, तिच्या ओढणीला धरून लोंबकळलो. काका बाजूला उभे राहून हसत होते. त्यांच्यासाठी मी असा एकदाही नाचलो नव्हतो. तेव्हा हे मनातही आलं नाही. आज येतं आणि काळीज तुटतं.

ताई निघाली तेव्हा काकांनी आधीच बजावलं, "ते सोडून काहीही म्हणा." ताईने मान डोलावली. फाटकापर्यंत गप्प गेली. फाटक लावलं, मागे वळली आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "येते हं!" मग स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"घ्या!" काका म्हणाले. "गाडी परत डेपोत!"

मी परत चिंधीवर.

पुढे माझ्या तोंडावर पांढरे केस आले आणि काकांचा खोकला वाढला. लांब फिरणं सोडाच, दूध आणतानाही मध्येच कठड्यावर टेकायला लागायचं. मग एक दिवस त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत दारापाशी आणली, माझ्या मागे. "तू काही आत येत नाहीस. मग मीच येतो," म्हणाले. तेव्हापासून आम्ही दोघं तसेच बसायचो, मी पुढे, ते मागे. त्यांचा श्वास शिटीसारखा वाजायचा. त्यांचं पाऊल माझ्या पाठीला टेकलेलं असायचं, गरम. मी पाठ काढून घेतली नाही, पण वळूनही बघितलं नाही. एवढंसं वळायला काय लागतं हो? मान तर माझीच होती.

एका सकाळी लेक गाडी घेऊन आली. पिशवीत टॉवेल, चष्मा, कपडे. काका तिच्या खांद्यावर हात टाकून उंबऱ्यात आले आणि थांबले. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून पायानेच माझी पाठ चोळली. "कंडक्टर," ते म्हणाले, "जातो."

"बाबा!" लेक जवळजवळ ओरडलीच. "असं म्हणू नये. जाऊन येतो म्हणा."

"तुला म्हणेन ना, शंभरदा म्हणेन. याला खोटं नको सांगायला. हा शब्द धरून बसतो गं. माझ्यामागे जन्मभर बसेल बिचारा." आणि पुन्हा माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "जातो रे राजा. वाट बघू नकोस."

तेव्हा मी वळलो. पहिल्यांदा त्यांचं तोंड नीट बघितलं. हनुवटीवर खुंट वाढलेले, डोळे ओले, आणि हसत होते. ते गाडीकडे निघाले आणि माझ्या गळ्यातून आवाज फुटला. एकदाच. भो!

काका जागच्या जागी थांबले. ड्रायव्हरच ते. "ऐकलंस?" लेकीला म्हणाले. "बेल दिली त्याने! सिंगल दिली!" मग माझ्याकडे वळले. "उशीर केलास रे. आता गाडी नाही थांबवता येत."

लेक परतली ती एकटीच. पिशवी तशीच भरलेली, वर काकांच्या चपला. ती माझ्या चिंधीवर बसली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. तिच्या भाड्याच्या खोलीत कुत्रा ठेवायला परवानगी नव्हती. म्हणून तिने ताईला बोलावलं.

ताई आली. "आले रे," म्हणाली. ज्या शब्दासाठी मी काकांकडे पाठ करून बसलो, तो पुरा झाला होता. मी शेपूट हलवलं, खोटं कशाला बोलू, पण पळालो नाही. लेकीने निघताना काकांची एक चप्पल माझ्याबरोबर दिली.

आता मी पुन्हा ताईकडे आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कोण नेणार? मशीनखाली हल्ली एक नवं पिल्लू घोरतं. त्यालाही घर मिळेल. मध्ये एक काळी कुत्री नव्या घरी गेली, तेव्हा ताई दारात तोंड उघडून तशीच उभी राहिली. येते म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही. नुसता तिचा कान चोळत राहिली.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कुणाला घरी आणलंत आणि तो दाराकडेच बघत बसला, तर रागावू नका. कुणीतरी त्याला येतो म्हणून गेलेलं असतं. त्याच्या मागे खुर्ची टाकून बसा. आणि तुमच्या मागे कुणी अशी खुर्ची टाकून बसलं असेल, तर एकदा वळून बघा.

मला काही कुणी फसवलेलं नाही. काका जातो म्हणाले आणि गेले. सगळं कळतं मला. तरी त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून मी दारातच बसतो. समोरच्या रस्त्यावरून बस जायला लागली की माझा उभा कान ताठ होतो आणि मी भुंकतो. एकदाच.