डी ड्राइव्हमधल्या बायका

बोलणारी मी एक हार्ड डिस्क आहे. तळहाताएवढी, जड, चारी बाजूंनी बंद. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत गुलाम रसूल यांचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत, त्यांच्या बायकोच्या म्हणजे अंजुमबाईंच्या कॉम्प्युटरमध्ये मी सहा वर्षं फिरले. आता कॉम्प्युटरच्या बाहेर पडून आहे. का, ते सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणतात. त्यातलं मला काही आठवत नाही. तेव्हा मी पुरती जुळलेही नव्हते, आणि सुट्या भागांना आठवण कुठली? माझी पहिली आठवण नागपूरहून येणाऱ्या एसटीची आहे. गुलाम रसूल मला खोक्यात घालून मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, मिठाई हाय का डब्यात?"

"नाई बाई, दिमाग हाय. बायकोसाठी घेऊन चाललो."

"तिचा संपला का तुमच्यासंग राहून?"

सगळी एसटी हसली. गुलाम रसूलही हसले. माणसं चांगली दिसतात, असं मला तेव्हाच वाटलं.

कॉम्प्युटर जोडणाऱ्यानं माझ्या पोटात एक भिंत घातली आणि दोन खोल्या केल्या. पहिली सी, दुसरी डी. सीमध्ये कॉम्प्युटरला उठवणारी, चालवणारी सगळी विंडोज राहायची, आणि अंजुमबाईंचा अल्बम बनवायचा प्रोग्रामही तिथेच. डीमध्ये फोटो. आणि या दोन्ही खोल्यांच्या आधी, अगदी पुढे, एक चिमूटभर जागा होती. उंबरठाच म्हणा. बटण दाबलं की वीज आधी तिथे येते, आणि कुठल्या खोलीत जाऊन कोणाला उठवायचं ते उंबरठा सांगतो. तो ना सीमध्ये मोजला जातो, ना डीमध्ये.

मला वाचता येत नाही. एवढी अक्षरं, एवढे चेहरे अंगावर ठेवले, पण त्यातलं एकही मला कळत नाही. जे ठेवायला दिलं ते तसंच्या तसं ठेवायचं आणि मागितलं की परत द्यायचं, एवढंच माझं काम. कान मात्र चांगले आहेत. आणि ऐकलेलं विसरत नाही.

आता डी खोलीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं.

या घराण्याच्या ओळखीतल्या लग्नांत बायकांची बाजू वेगळी असते. मध्ये पडदा. पुरुषांकडचे फोटो गुलाम रसूल काढायचे, पण पडद्यापलीकडे त्यांना जाता येत नसे. त्यामुळे नवरीचं हसणं, मेंदी, डफ वाजवून म्हटलेली गाणी, यांचा फोटो कुणाच्याच घरी नसायचा. अंजुमबाईंच्या सासूबाई, खातूनबी, यांनी एक दिवस मुलाला सांगितलं, "सुनेले शिकव ना कॅमेरा. तिले कोन अडवंन?"

अंजुमबाई शिकल्या, आणि त्यांनी पहिल्याच लग्नात बायांना शब्द दिला: तुमचे फोटो मीच काढीन, मीच सजवीन, मीच छापीन. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. त्या शब्दावर बाया मोकळ्या हसू लागल्या. ते सगळं डी खोलीत यायचं. गुलाम रसूलसुद्धा कॉम्प्युटरवर बसले तर सीमध्येच बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बायकोच्या पेटीत मी हात नाई घालत. साप निघाला तं?"

हळूहळू बाकीच्या समाजांतल्या बायाही येऊ लागल्या. गडचिरोलीपलीकडच्या जंगलातल्या गावातून सोमारी नावाची गोंड पोरगी आली होती. तिच्या हळदीच्या आंघोळीचे फोटो होते. ती म्हणाली, "माहे बी त्याच खोलीत ठेव, बाई. जिथी कोनी येत नाई तिथी."

एकदा मात्र गोंधळ झाला. महाशिवरात्रीला गुलाम रसूल कॉम्प्युटर उचलून मार्कंड्याच्या जत्रेत घेऊन गेले, तिथल्या तिथे फोटो काढून द्यायला. तीन-चार दिवस वैनगंगेची बारीक वाळू पंख्यातून आत येत होती. घरी परतल्यावर अंजुमबाई वाळूबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझ्या एवढ्या बायांना घेऊन तुमी जत्रेत फिरून आले? मले न पुसता?" दोन दिवस चहा खातूनबीनं केला.

चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारी कूलरसुद्धा गरम हवा टाकतो. वीज घराजवळ बनते, राख आमच्या अंगणात पडते, आणि भारनियमनही आमच्याच वाट्याला. वीज जायची, यायची, येताना जोरात यायची. दोन हजार नऊच्या मे महिन्यात अशीच आली आणि कॉम्प्युटर कायमचा बसला. मी वाचले, पण माझा आवाज बदलला. फिरताना टक्, टक् होऊ लागलं. डिस्कचा असा आवाज म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा खोकला.

नवा कॉम्प्युटर आला. त्यातली विंडोज नवी, आणि तिला जुना अल्बमचा प्रोग्राम चालेना. प्रोग्रामची सीडी तडकलेली, विकणारा दुकान बंद करून कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही. म्हणजे तो प्रोग्राम आता जगात माझ्या सी खोलीतच होता. आणि अंजुमबाईंची एक सवय: फोटो अल्बममध्ये बसवले की जागा करायला सुटे फोटो पुसून टाकायच्या. म्हणजे प्रोग्राम गेला की अल्बम उघडणार नाहीत, आणि अल्बम उघडले नाहीत की फोटोही गेले.

त्यात बल्लारपूरच्या फरहतचा अल्बम अडकला होता. लग्न हिवाळ्यात झालं होतं, छपाई राहिली होती. फरहत स्वतः आली. खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही.

"आपा, बाकी फोटो गेले तं जाऊ दे. माही दादी त्याच्यात हाय. डफ वाजवून गायली होती ना? तिनं जन्मात कोन्या मानसाच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा नाई देला. तुमाले देला. आता ती नाई राह्यली. मले तिचा एक तरी फोटो पायजे."

अंजुमबाईंनी तिचा हात धरला. "काढून देतो तुले," म्हणाल्या. पण कसा, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आकिबला बोलावलं. आकिब म्हणजे गुलाम रसूलच्या बहिणीचा मुलगा, बल्लारपूरला कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. त्यानं सांगितलं, "मामी, सीची पुरी नक्कल एका फाइलीत घ्यायची. नव्या मशीनच्या आत एक खोटी मशीन बनवायची आनं ती फाइल तिले डिस्क म्हनून द्यायची. तिले वाटंन, आपन जुन्याच घरी हाओत. तुमचा प्रोग्राम चालू होईन."

"आनं डी?"

"डीले हात नाई लावत. अल्ला कसम. त्या फाइली तुमी तुमच्या हातानं घेऊन जा."

त्यानं खरंच हात लावला नाही. फक्त सी खोली उचलली, फाइल बनवली, खोटी मशीन सुरू केली. स्क्रीन काळी, आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. पुढे काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

गुलाम रसूल मागून वाकून म्हणाले, "इंजिनीअरसाहेब, लेन्सचं झाकन काढाले विसरले वाटते."

आकिब डोकं धरून बसला. मग त्याच्या ध्यानात आलं. खोली उचलली, उंबरठा मागे राहिला. कोणाला उठवायचं हे सांगणारंच कुणी नाही. त्यानं दुसऱ्या डिस्कचा उंबरठा लावून पाहिला, तो बसेना. शेवटी म्हणाला, "मामी, पुरी डिस्कच उचलावी लागंन. पुढून मागपर्यंत. डीसकट. मी दुकानात घेऊन जातो, दोन दिवसात देतो."

"नाई."

"मामी, आंधळी नक्कल असते ते! फोटो थोडी ना पाह्यतो कोनी."

"नव्या नवरीची पेटी बंद हाय म्हनून मी परक्याच्या घरी ठेवतो का? मी बायांना काय म्हनलं होतं? दुसऱ्याचा हात नाई लागनार."

"मंग दादीचा फोटो नाई निघत."

अंजुमबाई मात्र जागच्या उठल्या नाहीत. फरहतला दिलेला शब्दही शब्दच होता.

खातूनबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हात सुनेचा, तोंड पोराचं. पोरगं दाराबाहेर बसून सांगंन, हे आत करंन. काऊन नाई होत?"

"नानी, त्याच्यात एक अक्षर चुकलं ना..."

"मंग चुकू नको देऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी, फजरची नमाज झाल्यावर, हवा जरा थंड असताना बसले. मला नव्या कॉम्प्युटरशी जोडलं, बाहेरच, टेबलावर; शेजारी नक्कल घ्यायला माझ्याहून मोठी एक नवी कोरी डिस्क. कूलरचं तोंड माझ्याकडे केलं. दाराला पडदा. पलीकडे आकिब पाटावर, शेजारी गुलाम रसूल चहा घेऊन.

आकिब एकेक अक्षर सांगायचा, अंजुमबाई टाइप करून मोठ्यानं म्हणून दाखवायच्या. "डी. पुन्हा डी. मंग जागा सोडा." डीडी हे नक्कल घ्यायच्या हुकमाचं नाव; माझ्या डी खोलीशी त्याचं नातं नाही. हुकूम पुरा झाला तेव्हा आकिबचा आवाज बारीक झाला. "मामी, आता एंटर दाबू नका. या हुकमात कुठून घ्यायचं आनं कुठी टाकायचं, दोन नावं हायत. उलटं झालं तं नवी कोरी डिस्क जुनीवर चढंन. मंग सगळं पुसलं."

"कळन कसं?"

"दोघीची साइज वाचा. लहान कोनती?"

त्यांनी वाचली. लहान मी. हुकमात माझं नाव दुसऱ्या जागी होतं, 'कुठी टाकायचं' तिथे.

पडद्यापलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. आकिबनंच नावं उलटी सांगितली होती. अंजुमबाईंनी पुसलं, नावं फिरवली, पुन्हा म्हणून दाखवली, आणि बिस्मिल्ला म्हणून एंटर दाबलं.

मग माझं काम सुरू झालं. उंबरठ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत मला अंगावरचं सगळं एकदा काढून द्यायचं होतं. सी खोली बरी गेली. डीमध्ये एका जागी अडले. टक्, टक्. मागे जाऊन पुन्हा आले. टक्. गुलाम रसूल पडद्याबाहेरूनच म्हणाले, "हवा देऊ का?" खातूनबीनं आपल्या पदरानं वारा घातला. ती जागा दादीच्या फोटोंची होती की कुणा दुसरीच्या, मला ठाऊक नाही. मला वाचता येत नाही. मी फक्त माझ्या चकतीवर फिरणारं डोकं परत परत तिथे नेत होते. शेवटी सुटलं. वीज जायच्या आत मी शेवटच्या कोपऱ्याला पोचले.

आकिबनं सांगितलेल्या रीतीनं त्या नकलेची फाइल झाली, खोट्या मशीनला दिली. आता सुरू करायचं. अंजुमबाईंचा प्रोग्राम विंडोज उठली की शेवटचा अल्बम आपोआप उघडायचा, म्हणून पडद्याला आणखी एक चिमटा लावला. ज्यानं सगळं केलं, त्यालाच पाहता येणार नव्हतं.

"मामी, काय दिसते?"

अंजुमबाई स्क्रीनकडे वाकल्या.

"काळंच हाय का? मामी! रेघ लुकलुकते का?"

खातूनबी बोलली. "रेघ कायची? फरहतची दादी दिसते. तोंडात एक दात नाई, तरी गाऊन राह्यली."

पलीकडे आकिब रडला की हसला, मला नीट कळलं नाही. गुलाम रसूल त्याला म्हणाले, "चाल, समोसे खाऊ. आपल्याले तेवढंच दिसनार आज."

आता माझं सगळं त्या नकलेत आहे. विंडोज, प्रोग्राम, दोन्ही खोल्या. त्या सकाळपर्यंत मी जे जे ठेवलं ते तिच्याकडे आहे, आणि ती स्वतःला मीच समजते. समजू दे. काम तिनं करायचं आहे. फरहत अल्बम घेऊन गेली. जाताना म्हणाली, "आपा, जुनी डिस्क कुठी हाय?" अंजुमबाईंनी कपाटाकडे बोट दाखवलं. फरहत तिथे पाहत राहिली.

तिचं बरोबर आहे. आकिबनं मला पुसून द्यायचं म्हटलं होतं, पण माझ्या काही जागा आता लिहूच देत नाहीत. तिथे जे आहे ते पुसलं जाणार नाही. भंगारवाल्याकडे गेले तर उद्या कुठल्या हातात पडेन, कोण सांगणार? ज्या बायांनी अंजुमबाईंना चेहरा दिला, त्यांनी मला दिला नव्हता.

आज अंजुमबाईंनी मला कायमची मोडायला अंगणात आणलं आहे. स्क्रू काढून झाकण उघडलं. माझी चकती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आरशासारखी लखलखीत निघाली, आणि तिच्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. तेव्हापासून त्या खिळा हातात धरून नुसत्या बसल्या आहेत.

बसू नका, बाई. माझी चकती काचेची नाही, अॅल्युमिनियमची आहे. मी फुटत नाही, वाकते. आणि नुसती वाकवलेली चकती सरळ करता येते. म्हणून आधी खिळ्यानं खरवडा, मधून काठापर्यंत, दोन्ही अंगांनी. खालची दिसत नाही ती बाजूही विसरू नका. माझ्यात चेहरा दिसायचा बंद झाला की मगच मला भंगारात टाका.