मधली तुकडी

नवरा गेला तेव्हा डॉक्टर खाटेपाशी उभे राहून आपसात इंग्रजीत बोलले आणि मी खांबासारखी ऐकत राहिले. तो वाचणार नाही, हे वॉर्डातल्या झाडूवाल्यालासुद्धा कळलं, फक्त बायकोला नाही. तो राग पोटात तसाच होता. म्हणून मी नर्सिंगला जायचं ठरवलं आणि इंग्रजीच्या पेपरासाठी धाकट्या भावाला, वसंताला, वेठीस धरलं.

वसंता फोर्टात कारकून. संध्याकाळी लालबागच्या आमच्या खोलीत मी मोरीपाशी बांगडे कापायला बसले, की तो उंबऱ्यावर बसून शिकवायचा.

"ताई, लांब शब्द दिसला की घाबरतेस काय? मुंडकं काप, शेपूट काप. मधली तुकडी उरते, तो खरा शब्द. आता बघ, होप म्हणजे आशा. मागे फुल लावलं की आशेने भरलेलं. लेस लावलं की आशाच संपली."

"आणि मुंडकं?"

"पुढे अन लावलं की सगळं उलटं. हॅपीचं अनहॅपी. तुझ्या तोंडासारखं."

"मेल्या, मोर्च्यात मराठीसाठी घसा फोडतोस आणि संध्याकाळी मला इंग्रजी पाजतोस?"

"माझं भाषेशी कुठे भांडण आहे? मुंबई महाराष्ट्राची आणि पेपर तुझा."

तोंडाने मी त्याला शिव्या घालत असे, पण बांगड्याची मधली तुकडी त्याच्याच ताटात वाढत असे. आईचीही त्याला हरकत नव्हती.

छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर आलं आणि गिरणगाव पेटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोर्च्याला जायला वसंता चपला घालू लागला तेव्हा मी दार अडवलं. "आज नको जाऊस रे," म्हणाले. तो हसला, माझ्या हाताखालून वाकून निसटला आणि जिन्यावरून ओरडला, "आल्यावर शब्द विचारणार हां!" मला त्याचा असा काही संताप आला, की मी खिडकीतूनही बघितलं नाही.

दिवेलागणीला खालचा गणपत धापा टाकत वर आला. "वसंताक गोळी लागली," एवढंच त्याला बोलता आलं. रस्त्यांवर पोलीस होते. गल्लीबोळातून आईला ओढत मी हॉस्पिटल गाठलं.

आत एकालाच सोडत होते. आईला बाहेर बाकावर बसवून मी गेले. वसंताच्या डोक्याला जाड पट्टी होती. मी हाक मारली, तो हलला नाही. डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, पापणी उचलली आणि नर्सला हळूच म्हणाले, "होपलेस."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, आम्ही प्रयत्न करतोय."

मी मान हलवली. या वेळी मला कुणी फसवू शकत नव्हतं. शब्द कानावर पडताच आपसूक कापला गेला होता, त्याने शिकवला होता तसाच. इतकं चांगलं कशाला शिकवलंस रे? खांबासारखी उभी होते तीच बरी होते. त्याचा हात हातात धरून बसले तेव्हा आतून नुसती आग होत होती.

बाहेर आले तर आई बाकावरून उठून दारापर्यंत आली होती. तिने माझा पदर घट्ट धरला.

"काय म्हणतत गो डाक्टर? इंग्रजी तुका समाजता मा?"

मी शेपूट कापून टाकलं.

"आशा आसा म्हणतत, आये."