अकरा पाठमोरी

चित्रकार गेला त्याला तीन आठवडे झाले होते. बावीस वर्षं त्याच्या चित्रांना मी फ्रेमा केल्या, आणि खरं सांगायचं तर त्या चित्रांतलं मला ओ की ठो कळलं नाही. रोज पहाटे तो नदीच्या वळणावर जाऊन बसायचा, नऊला परत यायचा आणि आडव्या पट्ट्या रंगवायचा. यात नदी कुठे आहे विचारलं की म्हणायचा, "नदी नाही रे, नदीवरचा उजेड." मी मान डोलवून मापं घ्यायचो.

झालेलं चित्र तो भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. अर्धवट असेल ते खोलीकडे बघत राहायचं. सही तो फ्रेम झाल्यावरच करायचा. मी यायचो आणि काही न विचारता पाठमोरी तेवढी उचलायचो. गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं, तेव्हा त्याने माझ्याकडून शब्द घेतला, "मी गेलो तर खोलीकडे बघणारी सगळी फाडून टाक. अर्धवट काही मागे राहायला नको." मी हो म्हणालो. शब्दाला मी पक्का आहे. त्यापायी दोन भाऊ माझ्याशी बोलत नाहीत.

शुक्रवारी त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. सोमवारी दुपारी मी टेम्पो घेऊन गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. खोली लख्ख पुसलेली, भिंतीला अकरा चित्रं, आणि अकराही पाठमोरी.

"वहिनी, हे कुणी केलं?"

"मीच, भावजी. फरशी धुतली ना, शिंतोडे उडतील म्हणून सगळी फिरवली." मग तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला.

माझं डोकं फिरलं. "आता न्यायची कुठली आणि फाडायची कुठली? नाणं उडवू?"

ती स्टुलावर बसली. "मला ठाऊक असायला हवं. मला विचारल्याशिवाय ते चित्र फिरवायचेच नाहीत. 'अगं, बघ, झालं का?' अशी हाक मारायचे. मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे, 'झालं, झालं, जेवायला या.'"

"न बघता?"

"मला काय कळतंय त्यातलं? आणि जेवण निवत असायचं."

मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. "मग आज बघा," मी म्हणालो आणि पहिलं चित्र फिरवलं.

तिने चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिली. "ही पिवळी पट्टी पुलाखालची. लग्नाआधी आम्ही तिथेच भेटायचो. झालं." दुसऱ्यापुढे म्हणाली, "राखाडी जरा जास्तच फासलीय. पण झालं." एकेकामागे मी पेन्सिलीने खूण करत गेलो. दहा झाली.

अकरावं निळसर होतं, खालच्या कोपऱ्यात थोडी कोरी जागा. तशा जागा तो बऱ्याच चित्रांत सोडायचा, त्यामुळे मला काही सांगता येईना.

"दवाखान्यात नेलं, त्या दुपारी हाक मारली होती त्यांनी," ती म्हणाली. "मी बहिणीशी फोनवर बोलत होते. 'थांबा, येते' म्हणाले, आणि गेलेच नाही." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिथे नदीवर उजेड पार काठापर्यंत येतो. इथे आलेला नाही. हे नाही झालं, भावजी."

झालं म्हणाली असती तर चित्र वाचलं असतं. तिलाही ते कळत होतं.

"फाडा," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलंय ना."

मी कटर काढला, पातं पुढे सरकवलं. मग परत आत घेतलं.

"फाडायची ती खोलीकडे बघणारी," मी म्हणालो. "मी आलो तेव्हा अकराही पाठमोरी होती."

दहा चित्रं टेम्पोत चढवून मी पिशवी घ्यायला वर आलो. अकरावं तिने खोलीकडे तोंड करून टेकवलं होतं आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली होती.

"आले हो," ती म्हणाली.

ते माझ्यासाठी नव्हतं. मी पिशवी उचलून दार ओढून घेतलं.