दिवा कोणी बंद केला

चेक इंजिनचा पिवळा दिवा चौथ्यांदा पेटला तेव्हा पद्मजाने स्टिअरिंगवर हात आपटला. शेजारी बसलेल्या सासूबाई दचकल्या.

"काय झालां गो?"

"काही नाही आई. तोच तो दिवा."

गाडी पंधरा वर्षांची, पण पद्मजाचं सगळं काम तिच्यावर चालायचं. ती फिजिओथेरपिस्ट. लकवा झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचा, म्हणजे रोज दिंडोशीहून निघून जोगेश्वरी, अंधेरी, कधी पार मुलुंड. सोबत मशीनची जड बॅग. तीन महिन्यांत हा दिवा तीनदा पेटला होता आणि तिन्ही वेळा गाडी लवूदादाकडे गेली होती. लवूदादा तिच्या नवऱ्याच्या, सुबोधच्या गावचा. दिंडोशीच्या बस डेपोमागे त्याचं गॅरेज. प्रत्येक वेळी त्याचं एकच उत्तर, "ऑक्सिजन सेन्सर गेललो, बदललंय." दिवा बंद व्हायचा. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पेटायचा.

आज सासूबाईंना, सुनंदाबाईंना, मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाचच दिवस झाले होते. पवईच्या अलीकडे चढावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. पद्मजाने अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तशी गाडी दोनदा थरथरली आणि बंद पडली. तिने ब्रेक दाबला, तर तो दगडासारखा घट्ट. गाडी मागे घरंगळायला लागली. आरशात फक्त डंपरचं तोंड दिसत होतं.

तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. मागे डंपरचा ब्रेक किंचाळला. धक्क्याने सुनंदाबाईंचा काळा चष्मा खाली पडला आणि त्यांचा हात आपोआप ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर गेला.

"लागलं आई? डोळ्याला लागलं?"

"नाय. तू आधी गाडी बघ."

दोन रिक्षावाल्यांनी गाडी ढकलत बाजूला लावून दिली. डंपरचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकून ओरडत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. पद्मजाने सुबोधला फोन लावला. तो ऑफिसात होता.

"अगं, जुनी गाडी आहे. होतं असं कधी कधी."

"कधी कधी? आई आहेत माझ्याबरोबर!"

"बरं बरं. टो करून लवूदादाकडे टाक. मी बोलतो त्याच्याशी."

दोन दिवसांनी ती गाडी आणायला गेली. लवूदादा म्हणाला, "नवीन सेन्सर घातलंय वहिनी, प्लगपण बदलले. आता टेन्शन नाय." दिवा बंद होता. पण तिचा विश्वास उडाला होता. मधल्या दोन दिवसांत तिने गाडीच्या बिघाडाचा कोड वाचणारा, काडेपेटीएवढा एक स्कॅनर मागवला होता. घराखाली गाडी लावून तिने तो स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये खोचला, मोबाइलला जोडला आणि इंजिन चालू ठेवून वाट बघत बसली.

स्क्रीनवर एक कोड आला. पेट्रोलच्या मानाने इंजिनात हवा जास्त जातेय, एवढाच त्याचा अर्थ. सेन्सर बिघडलाय असं त्यात कुठेच नव्हतं. बिचारा सेन्सर तीन महिने खरं तेच सांगत होता. खाली आणखी एक ओळ होती : कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर, दोन किलोमीटर. गॅरेजपासून घर बरोबर दोन किलोमीटरवर.

नवा पार्ट घातल्यावर जुना कोड पुसतातच, त्यानेच दिवा विझतो, तिने स्वतःला समजावलं. मग इंजिन बंद करून तिने बॉनेट उघडलं आणि मोबाइलचा टॉर्च मारून, नेटवरच्या चित्राशी ताडून, सेन्सर शोधला. त्याच्या नटावर गंजाचा जाड, सलग थर होता. पाना लागल्याची एक खूण नाही. वायरच्या जोडावर वर्षानुवर्षांची काळी माती घट्ट बसलेली.

तिने बॉनेट आपटून लावलं. तीन महिने! तीनदा तिने "थँक्यू लवूदादा" म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिने गाडी गॅरेजच्या तोंडाशीच आडवी लावली. लवूदादा चहा पीत होता.

"इलात? बसा मगे."

"बसायला नाही आले. नवा सेन्सर कुठे घातलास ते दाखव."

"घातलंय ना वहिनी..."

"हात लावून दाखव!"

तो उठला, बॉनेटखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. पद्मजाने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. "तू फक्त कोड पुसलास. चारही वेळा. त्या दिवशी पवईच्या चढावर गाडी मागे गेली, लवूदादा. मागे डंपर होता. सुनंदाकाकू माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या हातचं जेवून तू मुंबईत उभा राहिलास ना?"

लवूदादाने फडक्याला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

"खोटा बोललंय," तो म्हणाला. "पयल्या वेळी माका कायच समाजला नाय. मी जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांचो माणूस. ह्या कोडबिडातला माका जमणा नाय. तसा सुबोधाक सांगलंय. दुसऱ्या कोणाक दाखव म्हटलंय."

"मग?"

"तो म्हणालो, नको. तू फक्त दिवो बंद करून दी. वहिनीक सांग सेन्सर बदललो."

"कोण म्हणालं?"

"सुबोध. दर वेळेक त्याचो फोन येय. ह्या वेळेकपण इलो."

म्हणजे ती चढावर उभी असताना "मी बोलतो त्याच्याशी" म्हणाला होता, ते हे बोलायला. पद्मजाला वाटलं, हातातला मोबाइल समोरच्या भिंतीवर फेकावा. तिने तो पर्समध्ये टाकला.

"हवा जास्त जातेय. कुठून जातेय ते शोध. मी इथेच उभी आहे."

"वहिनी, रागावू नकात..."

"रागावणारच. तू शोध."

लवूदादाने इंजिन चालू केलं आणि कान देऊन ऐकत राहिला. मग देवाच्या फोटोजवळचा अगरबत्तीचा पुडा आणला, एक काडी पेटवली आणि एकेका पाइपाजवळून धूर फिरवत गेला. धूर सरळ वर जात होता. इंजिनाच्या मागच्या अंगाला, बोटाएवढ्या जाड रबरी नळीच्या वळणापाशी मात्र तो एकदम वाकडा झाला आणि आत ओढला गेला. नळी खालच्या बाजूने चिरली होती. वरून बघणाऱ्याला कधीच दिसली नसती.

"ह्याच ता," लवूदादा पुटपुटला. "ब्रेकाचीच नळी ही. हिच्यातूनच ब्रेकाक जोर गावता."

पंधरा मिनिटं. तीन महिन्यांत कोणी पंधरा मिनिटं दिली नव्हती. त्याने चिरेवर टेप गुंडाळली, वर क्लिप आवळली आणि म्हणाला, "घरापर्यंतच न्या. नवीन नळी येयसर गाडी भायर काढू नकात." आता तो खरं बोलत होता, पण पद्मजाने त्याला थँक्यू म्हटलं नाही.

सुबोध संध्याकाळी साडेसातला आला. बूट काढायच्या आत तिने विचारलं, "लवूदादाला फोन कोण करत होतं?"

त्याचा हात लेसवरच थांबला. "सांगितलं का त्याने?"

"म्हणजे खरं आहे."

"अगं, तसं नाही यार. तू रोज घरात आलीस की दिवा, दिवा, दिवा. जुन्या गाड्यांचे सेन्सर असेच उगाच बोंबलतात, सगळे सांगतात. म्हटलं, दिवा गेला की तुझं डोकं शांत होईल."

"माझं डोकं शांत करायला गाडीचं तोंड बंद केलंस? ब्रेकची नळी चिरली होती तिची!"

"मला काय माहीत ब्रेकची नळी असेल!"

"माहीत करून घ्यायचंच नव्हतं तुला! मी तीन महिने सांगत होते, गाडी थरथरते, ब्रेक जड लागतो. तू ऐकून घ्यायचास आणि माझ्या पाठीमागे त्याला फोन करायचास. मी वेडी होते का रे? आणि पवईनंतरसुद्धा? आई त्या गाडीत होत्या हे कळल्यावरसुद्धा?"

"जरा हळू बोल. आई आत आहे."

"आई हय आसा," सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. काळा चष्मा तसाच डोळ्यांवर. "माझ्या डोळ्याक त्या दिवशी धड दिसत नव्हता, सुबोध. पण डंपराचो ब्रेक माका आयकाक इलो. तुका तिचा तीन महिने आयकाक नाय इला?"

सुबोधने एक बूट काढला. एका पायात बूट, एका पायात मोजा, तसाच बाकावर बसून राहिला.

"सॉरी," तो शेवटी म्हणाला.

"हं," पद्मजा म्हणाली आणि आत गेली.

राग त्या सॉरीने गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. चार दिवस ती मशीनची बॅग घेऊन रिक्षाने फिरली, आणि प्रत्येक जिना चढताना तिला सुबोधचा तो समजूत घालणारा आवाज आठवायचा. त्याने एकदा बॅग खाली नेऊन देतो म्हटलं, तेव्हा तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

पाचव्या दिवशी तिने गाडी टो करून अंधेरीच्या दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाला आधीच बजावलं, "माझ्यासमोर काम करायचं. मला दाखवल्याशिवाय कोड पुसायचा नाही. आणि घरून कोणाचा फोन आला, तर उचलायचा नाही." तो हसला. ती हसली नाही. त्याने जुनी नळी काढून वाकवून दाखवली. टेपखालची चीर नळीच्या अर्ध्याहून जास्त घेरात पसरली होती. नवी बसवली, मग तिने स्वतःच स्कॅनर खोचला, कोड पुसला आणि त्याला शेजारी बसवून दोनदा उड्डाणपुलावर जाऊन आली. मुद्दाम चढावर थांबून ब्रेक दाबून बघितला.

रात्री जेवताना सुबोधने चाचरत विचारलं, "काय म्हणाला मेकॅनिक?"

"मला सांगितलं त्याने," पद्मजा म्हणाली, आणि सासूबाईंच्या पानात भात वाढला.