धाकट्या भावाचं रक्त

बाबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दवाखान्याचे हेलपाटे घालून लेकीचं डोकं. एकदा साखर वाढली म्हणून परत पाठवलं, एकदा खोकल्यामुळे. आज बाबा हिरवा गाऊन घालून, डोळ्यात थेंब घेऊन बसले, तर सिस्टर आली.

"आजोबा, जरा थांबावं लागेल. रक्ताच्या तपासणीत कावीळ निघालीय. सी प्रकारची."

"मला?" बाबा उसळले. "डोळे पिवळे दिसतायत का माझे? डोळ्यांचाच दवाखाना ना हा?"

लेकीने कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाई आल्या. ही कावीळ रक्तातून येते, म्हणाल्या, आणि वर्षानुवर्षं आत दडून बसते. ऑपरेशन आजच करू, फक्त सगळ्यांच्या शेवटी. मग यकृत तपासून गोळ्या सुरू करा, बहुतेकांना गुण येतो. "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. शेवटी लेकच म्हणाली, "तीसेक वर्षांपूर्वी कारखान्यात अपघात झाला होता तेव्हा. माझ्या काकांनी दिलं होतं."

"तेव्हा ही तपासणीच नव्हती. काकांनाही लगेच तपासून घ्यायला सांगा."

सांगा म्हणे! लेकीच्या लग्नातल्या फोटोत आपल्याला कडेला उभं केलं, एवढ्यावरून काका रुसले होते. तेव्हापासून दोघा भावांत अबोला.

"तूच कर फोन," बाबा म्हणाले.

"मी केला तर म्हणतील, पुतणी रक्तात खोट काढते."

"म्हणू दे."

"बाबा, त्यांनी तुम्हाला बाटलीभर रक्त दिलं. तुमच्याच्याने एक फोन होत नाही?"

तिने नंबर लावला आणि फोन सरळ बाबांच्या कानाला टेकवला.

"मी बोलतोय… नाही, मेलो नाही, म्हणूनच बोलतोय. तुझ्या रक्तात कावीळ असेल. तपासून घे."

पलीकडचा आवाज तिलाही ऐकू आला. "आता माझ्या रक्तावर घसरलास? नको होतं तर तेव्हाच ओतून द्यायचं!"

"अरे गाढवा," बाबा ओरडले, "भांडत नाहीये मी! काळजी वाटते तुझी!"

अख्खा व्हरांडा त्यांच्याकडे बघायला लागला. मग पलीकडून काकांनी हळूच विचारलं, "कुठे तपासायचं म्हणालास?"

संध्याकाळी ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्याभरात काकांचीही तपासणी झाली. तीच कावीळ, आणि यकृत बाबांपेक्षा जास्त बिघडलेलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सुनावलं. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

आता दोघांच्याही गोळ्या चालू आहेत, आणि लेकीच्या डोक्याला नवा ताप झालाय.

"त्याला सांग, गोळी चुकवू नकोस."

"तुझ्या बापाला सांग, मला अक्कल शिकवू नकोस."

"अहो, एकमेकांशीच बोला ना!" ती खेकसते.

ते बोलतातही, तासन्‌तास. आणि फोन ठेवला की दोघेही आळीपाळीने तिला फोन करतात, दुसरा काय म्हणाला ते सांगायला.