पडद्यावरची गाय

मीरिमने फळ्यावर पांढरी चादर ठोकली, प्रोजेक्टरखाली भूगोलाची दोन पुस्तकं सारली आणि मागच्या बाकाकडे न बघता बटण दाबलं. मागे मुख्याध्यापिका झूरा-एजे, म्हणजे झूराबाई, अंगातला कोटही न काढता बसल्या होत्या. या तासावर त्यांनी चांगला शेरा दिला तरच मीरिम या शाळेची शिक्षिका होणार होती. नाहीतर राजधानी बिश्केकला परत, आणि सरावाचं सगळं वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

झूरा-एजेंनी आपलं मत सकाळीच चहा पिताना सांगून टाकलं होतं. वाचायला शिकवावं लागतं, हिशेब शिकवावा लागतो. बघायला काय शिकवायचं, डोळे तर जन्मतःच मिळतात. त्यातून मशीनने काढलेली चित्रं दाखवायची म्हणजे घरचं दूध ओतून देऊन पावडरचा चहा करायचा. मीरिमने ऐकून घेतलं होतं आणि प्रोजेक्टर उचलून वर्गात आणला होता.

खेळ साधाच होता. पडद्यावर चित्र आलं की मुलांनी सांगायचं, खरा फोटो की मशीनने बनवलेलं. नुसतं सांगून भागणार नव्हतं. चित्रात काय दिसलं म्हणून तसं वाटलं, तेही सांगायचं होतं.

पहिलं चित्र आलं. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत एक कुटुंब जेवायला बसलेलं, मधोमध पसरलेल्या कापडावर नान, साय, सुकी जर्दाळू. मीरिमने आदल्या संध्याकाळी टॅबलेटवर चार ओळी लिहून ते करवून घेतलं होतं आणि तिला स्वतःला ते फार सुरेख वाटलं होतं.

"खोटं," बेकतुर बसल्या जागेवरून म्हणाला.

"कशावरून?"

"पोरगं आत मानाच्या जागेवर बसलंय आणि आजोबा दाराशी. नान तर पालथाच ठेवलाय, तसा कुणी ठेवतं का? ज्यानं हे काढलं त्याला आई नाही का?"

"नाही," मीरिम म्हणाली. "मशीनला आई नसते."

वर्ग खळाळून हसला.

दुसरा होता खरा फोटो. शिक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीवर टांगलेला, जुना, काळापांढरा. कुरणावर एक बाई गायीची धार काढतेय आणि गायीच्या तोंडापुढे तिचं वासरू. रोज येताजाता बघतात म्हणून पोरं तो लगेच ओळखतील, या भरवशावर मीरिमने त्याचं चित्र टॅबलेटमध्ये घेतलं होतं. तो कुणाचा, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

कुणीच ओळखला नाही. उलट खोटं म्हणून सगळ्या वर्गाचे हात वर झाले.

कारणंही भराभर आली. वासरू दोराला ओढ देत नाहीये. त्याचे पाय खुंटांसारखे ताठ आहेत. धार काढताना इतकं शहाणं राहणारं वासरू अजून जन्माला यायचंय, असं एकाने सांगितलं.

"मशीनला वासरू जमलं नाही," बेकतुरने निकाल दिला.

खरा फोटो आणि अख्खा वर्ग चुकला होता, तोही झूरा-एजेंच्या देखत. 'चुकलात, हा खरा आहे' असं म्हणून पुढचं चित्र लावणं सोपं होतं. तिचं बोट टॅबलेटपर्यंत गेलंही. मग तिने हात मागे घेतला आणि विचारलं, वासरू सोडून बाकीचं कसं वाटतंय?

मुलं पुन्हा बघू लागली. गाय खरी वाटत होती. बाईच्या हातावरच्या शिरा खऱ्या. बादलीला पोचा होता, आणि मशीन बादलीला पोचा कशाला पाडेल? तेवढ्यात खिडकीजवळची आयझिरेक उठली. ही मुलगी एरवी नाव विचारलं तरी कुजबुजत सांगायची.

"एजे, फोटो खरा आहे. वासरू खोटं आहे," ती मीरिमला म्हणाली.

"म्हणजे कसं?"

"पोटाखाली शिवण दिसतेय बघा. आमच्या आजोबांनी केलं होतं असं. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात गवत भरायचं आणि गायीपुढे उभं करायचं. ती चाटत बसते, पान्हा सोडते."

शहरात वाढलेल्या मीरिमला ती शिवण आत्ता दिसली. वर्ग चुकला नव्हता.

मागचा बाक करकरला. झूरा-एजे चष्मा पुसत पुढे आल्या. त्यांची सावली गायीवर पडली, तशा त्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी चादरीवर, नेमकं त्या शिवणीवर बोट ठेवलं.

"ही माझी आई," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नवरोजच्या सणाला मी या फोटोची काच पुसते, पण ही शिवण आज दिसली. वासरू मेलंय हे तिनं आम्हा पोरांना कधी सांगितलंच नाही. त्या उन्हाळ्यात आम्ही पोटभर दूध प्यायलो."

"म्हणजे तिनं गायीला फसवलं आणि तुम्हालाही," बेकतुर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"फसवलं रे," झूरा-एजे म्हणाल्या. त्या हसत होत्या. "बरं केलं तिनं."

घंटा झाली आणि पोरं भिंतीवरचा फोटो बघायला बाहेर धावली. मीरिम वायर गुंडाळत राहिली. एकदा गुंडाळून झालेली तिने सोडली आणि पुन्हा गुंडाळली. झूरा-एजे कोटाची बटणं लावत होत्या.

"उद्या सहावीवर घे हाच तास," त्या म्हणाल्या. "आणि परवापासून तुझं तूच बघ. मी काही रोज मागे बसणार नाही."

म्हणजे शेरा चांगला मिळाला होता. झूरा-एजे दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"माझ्या लग्नाचा फोटो आहे घरी. तो घालता येईल यात?"

"येईल की. पण एजे, तो तर खराच असणार."

"फोटो खराच आहे," झूरा-एजे म्हणाल्या. "पण त्यात आम्ही सगळे हसतोय. पोरांना विचारू, खरं कोण हसतंय."